तात्पर्य कुठे छापलंय?

पुस्तक प्रदर्शनातली रीत ठरलेली आहे: पुस्तक आई-बाबा निवडतात, मूल पिशवी धरतं. बाबा आधी शेवटचं पान उघडतात. तिथे तात्पर्य नसलं की पुस्तक परत ढिगावर.

त्यातून वाचलं, तर पुढे हिशेब लागतो: इतके रुपये आणि पानावर ओळी दोनच? या परीक्षेत माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ हमखास नापास. राधा आपल्या घरच्यांची ओळख करून देते आणि बास! ना सिंह, ना उंदीर, ना उपदेश. परदेशी मंडळींचीही गत वेगळी नाही. डॉ. स्यूस यांनी १९६० साली ‘ग्रीन एग्ज अँड हॅम’ अवघ्या ५० वेगवेगळ्या शब्दांत उरकलं. एरिक कार्ल यांच्या १९६९च्या खादाड सुरवंटाने तर पानांना भोकं पाडून ठेवलीत, आणि भोकांपोटी सवलत काही मिळत नाही.

अखेर बोधकथांचा जाडजूड, बारीक टायपातला ठोकळा जिंकतो. लेक एव्हाना टेबलाखाली बसून सुरवंटाच्या भोकात करंगळी घालून बघत असते.

“ऊठ आता,” बाबा बिल खिशात घालत म्हणतात, “पुस्तक घेतलंय ना तुला!”