मुद्देमालाचे न्यायशास्त्र

वैनगंगेच्या पुलावर, व्याहाडकडून गडचिरोलीकडे तोंड करून उभा असलेला इसम सज्ञान, परवानाधारक आणि पावती जपून ठेवणारा असला, व त्याच्या पिशवीत राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या संपूर्ण संमतीने विकली गेलेली एक बाटली असली, तर पुलाच्या अलीकडच्या टोकास तो सरकारी तिजोरीचा आधारस्तंभ ठरतो आणि पलीकडच्या टोकास आरोपी. बाटली तीच, इसमही तोच. मध्यंतरी फक्त नदी ओलांडली गेली.

गडचिरोलीत दारूबंदी १९९३ पासून आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली एप्रिलच्या पहिल्या तारखेस अवतरली (मुहूर्त काढणाऱ्याच्या विनोदबुद्धीविषयी आम्ही मौन पाळतो) आणि २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाच्या निर्णयाने तिने अंतर्धान पावण्याची तयारी केली. मधल्या सहा वर्षांत वर्धा नदीपलीकडील वणीविषयी चंद्रपूरकरांच्या मनात जो अकस्मात जिव्हाळा उत्पन्न झाला, त्याची नोंद कोणत्याही गॅझेटियरात सापडावयाची नाही. ठाण्यांच्या आवारात गंजत पडलेल्या जप्त दुचाक्यांवरून मात्र त्याचा अंदाज बांधता येईल.

या सर्व उपद्व्यापाचे मूळ १९४९ च्या दारूबंदी अधिनियमात, विशेषतः त्याच्या कलम १०३ मध्ये आहे. एरवी गुन्हा शाबीत करण्याचा भार सरकारपक्षाने वाहावयाचा असतो; येथे वस्तू जवळ सापडली आणि तिचा समाधानकारक खुलासा झाला नाही, की विरुद्ध शाबीत होईतो गुन्हा घडलाच असे गृहीत धरावे, अशी आज्ञा आहे. पहाटे टोपली घेऊन मोहाखाली फुले वेचण्यात जिचा जन्म गेला, अशा एटापल्लीकडील माडिया म्हातारीस परसातील मडक्यातल्या मोहसडव्याचा समाधानकारक खुलासा मराठीत, तोही पंचांसमक्ष करावयास सांगणे आणि तिच्या मौनाची गणना पुराव्यात करणे, ही कायद्याची विनोदशक्ती सामान्य नव्हे.

गांजाचे प्रकरण याहून भारदस्त. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा माणसाचे पाप किलोत मोजतो. एक किलोपर्यंत प्रमाण अल्प, शिक्षा फार तर एक वर्ष. वीस किलोंच्या वर गेले की ते व्यापारी, शिक्षा दहा ते वीस वर्षे, आणि आपण निर्दोष असण्याचा वाजवी संभव आहे असे न्यायाधीशास जामिनाच्या वेळीच, म्हणजे खटला उभा राहण्यापूर्वी, पटवून देण्याची कसरत निराळी. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे वा फळाचे शेंडे. शेंड्यांवाचूनची पाने व बिया त्यात मोडत नाहीत. परंतु पोते तोलणाऱ्यास वनस्पतिशास्त्राची फिकीर नसते, आणि देठासह, पानांसह एकदाच तराजूत गेलेल्या त्या पोत्यात कित्येकदा एखाद्याच्या आयुष्याची दहा वर्षे पडलेली असतात. अंगझडतीचा थाटही पाहण्याजोगा आहे. कलम ५० प्रमाणे आपली झडती राजपत्रित अधिकारी वा दंडाधिकारी यांच्यासमोर व्हावी असा हक्क आरोपीस आहे, व तो त्याला आधी सांगावा लागतो. मात्र हातातील पिशवी हे त्याचे अंग नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ठरविले. तेव्हा खिशासाठी राजपत्रित अधिकारी, आणि पिशवीसाठी जो हजर असेल तो! एस.टी.च्या फळीवर ठेवलेली, चार प्रवाशांपैकी कोणीही आपली न म्हटलेली पिशवी नेमकी कोणाच्या जाणीवपूर्वक ताब्यात होती, हा तर वकिलांच्या चरितार्थाचा चिरंतन प्रश्न.

वकील शोधण्याचा प्रसंग येथूनच उद्भवतो. सिरोंच्याच्या माणसास जिल्ह्याचे मुख्य न्यायालय सुमारे दोनशे किलोमीटरांवर, उच्च न्यायालयाचे खंडपीठ त्याहून दूर नागपुरात. आणि मध्ये ठाण्याच्या फाटकापाशी ‘आपल्या ओळखीचे एक मोठे वकीलसाहेब आहेत’ म्हणून खांद्यावर हात ठेवणारे गृहस्थ जागोजाग. आमच्या मते पारखण्याची रीत सोपी आहे. काही वकील प्रथम पंचनामा मागतात: झडती किती वाजता झाली, पंच कोठले, मोहोर कोणाची होती, नमुना रासायनिक विश्लेषकाकडे कोणत्या तारखेस गेला. काही वकील प्रथम सातबारा मागतात. दुसऱ्या जातीच्या विद्वानांची वक्तृत्वशक्ती अशिलाच्या एकरांच्या प्रमाणात वाढते, आणि धान बऱ्यापैकी पिकलेल्या साली ती उंच स्वरात प्रकट होते.

अशा वकिलांपासून वनहक्काचा दावा वर्षानुवर्षे प्रलंबित असलेला अशील आपोआप वाचतो, कारण त्याच्यापाशी सातबारा नसतो. नाइलाजाने तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या दाराशी येतो. तेथे त्यास कळते की १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसास, कोणत्याही स्त्रीस आणि कोठडीतील कोणासही उत्पन्न न विचारता सरकारी खर्चाने वकील मिळतो. मग ज्या सरकारने त्याला धरले त्याच सरकारच्या पैशाने नेमलेला वकील त्याला सोडविण्यासाठी उभा राहतो, समोर तितक्याच सरकारी पैशाने सरकारी वकील उभा असतो, आणि पंच दोघांच्या मध्ये फितूर होतो.