बिनपैशाचं बोलणं आणि त्याचा हिशेब

घरगुती फोनच्या बिलाचे दोन भाग: भाडे आणि बोलणे. इंटरनेटवरून बोलल्याने दुसरा भाग शून्यावर येतो. पहिला मात्र कोणी तोंड उघडो वा न उघडो, येतच राहतो. घरात दोन म्हातारी माणसे आणि बाकीचे डोंबिवली, पुणे नि न्यू जर्सीत, अशी विभागणी असलेल्या आंजर्ल्यातल्या घरांत या पहिल्या भागावर बराच खल होतो.

बोलण्याचा खर्च वाचवण्याची विद्या कोकणात इंटरनेटपेक्षा जुनी. एसटीडीचे दर रात्री उशिरा पावपट होत. त्यामुळे गावातली आजारपणे, सोयरिकी आणि मोहोर गळाल्याचे वृत्त सगळे जेवणे आटोपल्यावर मुंबईस पोचे. 'पोचलो की एक रिंग देतो' हा तर लेखी नसलेला करारच. एक रिंग म्हणजे सुखरूप पोचलो. दोन म्हणजे पोचलो, पण उभ्याने. अशा वेळी चुकून फोन उचलणारा कुटुंबाचा वैरी ठरे. २००६ च्या मार्चमध्ये 'वन इंडिया' योजनेने देशभर मिनिटाला एक रुपया दर आला आणि ही विद्या अर्धी मेली. उरलेली २०१६ नंतरच्या स्वस्त डेटाने मारली.

इंटरनेटवरून बोलायला भारतात १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली. तेव्हा घरचा संगणक इंटरनेटला जोडला जाई तो फोनच्याच तारेवरून. म्हणजे अमेरिकेशी फुकट बोलताना इथे स्थानिक कॉलचे मीटर चालू, आणि तेवढा वेळ बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला लाइन बिझी. फुकटाचेही बिल येते, हे कळायला दोन महिने पुरत.

या बोलण्यात आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे होतात आणि पलीकडे ते पुन्हा जोडले जातात. बोलणे पोचायला १५० मिलिसेकंदांपर्यंत उशीर झाला तर सहसा जाणवत नाही. त्यापुढे दोघे एकदम बोलतात, दोघे एकदम थांबतात, आणि मग 'बोल, तू बोल' यात पाच मिनिटे जातात. पैसे पडत नसल्याने कोणी तक्रार करत नाही.

आता भाडे. तांब्याच्या तारेवर फोन आणि ब्रॉडबँड एकाच जोडीतून येत. फोन तोडला की इंटरनेटही बहुधा गेलेच. फायबरवर उलटे: फोनच इंटरनेटच्या डब्याला जोडलेला, आणि बहुतेक योजनांत कॉल धरलेले. काटकसरी माणूस इथे समाधानाने हात चोळतो. पण तांब्याच्या तारेत एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांवरून ४८ व्होल्ट येत, म्हणून घरातली लाइट गेली तरी फोन चाले. फायबरचा डबा घरच्या विजेवर जगतो, आणि कोकणातली लाइट पाऊस पोचण्याआधीच जाते. मग इन्व्हर्टर येतो, त्याची बॅटरी येते, बॅटरीत घालायचे पाणी येते. ही रक्कम बचतीच्या वहीत लिहायची पद्धत नाही. (३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने खांबच आडवे केले, तेव्हा तांबे, फायबर आणि मोबाइल यांत भेद उरला नाही, काटकसरी आणि उधळे सारखेच मुके झाले.)

फोन परत करण्यास खरा विरोध होतो तो ज्येष्ठांकडून. ०२३५८ ने सुरू होणारा नंबर लग्नपत्रिकांवर छापलेला असतो, आंब्याच्या गिऱ्हाइकांना पाठ असतो. शिवाय १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावावा लागतो. एसटीडीच्या काळात वाढलेली माणसे हा शून्य फिरवताच मीटरच्या धास्तीने दोन वाक्यांत फोन आटोपतात. एवढ्या थोड्या वापरावर भाडे भरण्यात काय हशील, असा मुलांचा मुद्दा त्यामुळे आपोआप बळकट होतो.

तरीही ठरलेच, तर शेवटचे बिल भरून, अर्ज देऊन, यंत्र परत केले की अनामत मिळते. ती मार्गी लावण्यासाठी दापोलीला कराव्या लागणाऱ्या खेपांचे एसटीभाडे त्यातून वजा करावे. उरलेली रक्कम ही निव्वळ बचत.