आणि इतर

दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर लेखकांची नावं छापतात. त्या यादीच्या तळाशी 'आणि इतर' असतं. गेली अकरा वर्षं त्या 'इतर'मध्ये मी आहे.

अंक बाजारात आले की मी दादर स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर जातो. सहज आल्यासारखा. कव्हर बघतो, मग अनुक्रमणिका. तिथे नाव असतं, नाही असं नाही. पण माझी नायिका पान ८४ वर विहिरीच्या काठाशी पोचते न पोचते तोच 'पुढील मजकूर पान १९१ वर'. मधे एका पतसंस्थेचे चेअरमन हात जोडून उभे, माझ्या नायकापेक्षा कितीतरी ठसठशीत. "घेताय का नुसतंच चाळताय?" स्टॉलवाला विचारतो. लेखक आहे म्हणून सांगावंसं वाटतं, पण कव्हरवर पुरावा नको?

दिवाळी अंकांची ही परंपरा सुरू केली का. र. मित्र यांनी, १९०९ साली, 'मनोरंजन'च्या दिवाळी अंकापासून. ते मूळचे आजगावकर. बंगालीच्या प्रेमापोटी 'मित्र' झाले. म्हणजे नावाचा सोस मुळातच आहे. मी एकटाच कशाला लाजू?

आमच्या एका ज्येष्ठांना संमेलनाध्यक्ष व्हायचं होतं. २०१९च्या संमेलनापासून ती निवडणूकच बंद झाली. पूर्वी निदान 'राजकारण झालं, पडलो' असं चारचौघांत सांगता यायचं. आता नुसतं घरी बसून सन्मानाने निवड व्हायची वाट बघायची. फोन वाजला की ते आधी घसा खाकरतात.

गेल्या जूनमध्ये संपादकांचा फोन आला. "यंदा तुम्हाला कव्हरवर घेतोय. एक पानभर जाहिरात तेवढी बघा." मी साडूंकडे गेलो. त्यांचं टाइल्सचं दुकान आहे. "माझं नाव मोठं येणार ना?" त्यांनी विचारलं. साहित्यिक मीच एकटा नाही, हे तेव्हा कळलं.

अंक आला. कव्हरवर मी! शेवटून दुसरा, 'आणि इतर'च्या बरोब्बर डोक्यावर. बायको म्हणाली, "चष्मा देऊ का?" ती माझ्यासाठी म्हणाली की स्वतःसाठी, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी वाचनालयात गेलो. टेबलावर दिवाळी अंकांची चळत होती. सगळ्यांना खाकी कव्हरं घातलेली, वर स्केचपेनने आकडे. माझा अंक सत्तेचाळीस नंबरचा.

"मॅडम, हे कव्हर…"

"फाटतात हो अंक. दिवाळी ते होळी शंभर हात लागतात."

"पारदर्शक घातलं तर? खर्च मी देतो."

"एकालाच कसं घालणार? दोनशे अंक आहेत."

मी खिशात हात घातला आणि मनातल्या मनात दोनशेचा हिशेब करू लागलो.