धुकं कानपूरला, पंचाईत भुसावळला

खानदेशातल्या माणसाला उन्हाळ्याबद्दल कुरकुर करायची सोय नाही, कारण तो उन्हाळ्याचा अभिमानी असतो. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की भुसावळकर पुण्याच्या साडूला फोन करून विचारतो, “तुमच्याकडे किती? 38? अरे, मग गारच की!” हाच गृहस्थ डिसेंबरात पारा 9 वर आला की अंगणातून घरात, घरातून गोधडीत जातो आणि संक्रांतीपर्यंत कामापुरताच बाहेर येतो.

आमच्या दीपनगरचं तर आणखीच न्यारं. भुसावळहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. तिथे अहोरात्र कोळसा जळतो आणि शेजारच्या वसाहतीत माणसं कुडकुडतात. बाहेरची हवा जितकी गार, तितकी कूलिंग टॉवरची वाफ दाट दिसते. ती बघून नवखा पाहुणा म्हणतो, “काय धुकं आहे हो तुमच्याकडे!” खरं तर आमची हवा कोरडी, धुकं बेताचंच. आमच्या वाट्याला येतं ते उत्तर प्रदेशातलं धुकं. तेही रेल्वेनं, आणि उशिरा.

हे नीट समजलं ते वसाहतीतल्या पोरांची फुटबॉलची टीम मनमाडला निघाली तेव्हा. सोबत कुणीतरी मोठं माणूस हवं म्हणून मला मॅनेजर केलं. ऑफसाइड म्हणजे काय हे मला अजून धड सांगता येत नाही, पण मॅनेजरला त्याची गरज नसते. त्याच्याकडे तिकिटं आणि डबे असतात.

मॅच सकाळी दहाची, गाडी पहाटे साडेपाचची. अंधारात पोरं जमली तेव्हा कोण कोण आलंय ते ओळखता येईना. कानटोपी, तिच्यावर मफलर, त्यावर हुडी. बाहेर फक्त नाकं. गोलकीपरची आई त्याला सोडायला आली होती. “भाऊ, मॅच संपेपर्यंत याला कानटोपी काढू देऊ नका,” तिनं मला बजावलं.

मी म्हटलं, “ताई, बॉल डोक्यानं मारावा लागतो कधी कधी.”

“याला हातानं धरायची परवानगी आहे ना? मग डोकं कशाला लावायचं?”

यावर कोचलाही उत्तर सुचलं नाही.

रिक्षावाला एका हातानं रिक्षा चालवत होता, दुसरा हात काखेत. “लय थंडी पडी राह्यली भो,” असं म्हणत तो मधूनमधून हात बदलायचा. बदलताना क्षणभर रिक्षा कुणाच्याच हातात नसायची. भुसावळ येईपर्यंत माझी थंडी पार पळाली होती.

स्टेशनावर पाटी सांगत होती: गाडी एक तास चाळीस मिनिटं उशिरा. डोक्यावर बघावं तर आभाळ लख्ख, चांदण्या मोजाव्यात इतकं. पण गाडी उत्तरेकडून येणार होती, आणि तिकडे गंगेकाठच्या धुक्यात ड्रायव्हरला सिग्नल दिसत नव्हता. पूर्वापार यावर एक तोड आहे. सिग्नलच्या अलीकडे रुळांवर फटाके बांधून ठेवतात. चाक वरून गेलं की धडाम्‌ आवाज होतो आणि ड्रायव्हरला कळतं, सिग्नल जवळ आला. आता इंजिनात उपग्रहावर चालणारं यंत्रही असतं, ते पुढचा सिग्नल किती लांब आहे ते सांगतं. पण सिग्नल लाल की हिरवा हे शेवटी माणसानं डोळे फाडून बघायचं. म्हणून गाडी रांगत येते, आणि कानपूरला हरवलेले तास भुसावळला आम्ही भरतो.

एक चाळीसचे अडीच झाले, अडीचचे सव्वातीन. मध्येच आमच्या गाडीचं नाव पुकारलं गेलं. पोरं बॅगा घेऊन धावली. गाडी आली, पण ती कालची होती. आजची अजून मागेच.

“नाव तेच, नंबर तोच, जाणार मनमाडलाच,” कोच तिकीट तपासनिसाला म्हणाला.

“पण तुमचं आरक्षण आजचं आहे.”

“ही आजच आली ना?”

“आली आज. पण आहे कालची.”

एवढं तत्त्वज्ञान सकाळी सकाळी कोचला झेपलं नाही. त्यानं चहा मागवला.

पोरं हिरमुसली, म्हणून मी त्यांना विलायतेतल्या गोष्टी सांगायला घेतल्या. 1937 च्या नाताळच्या दिवशी लंडनमध्ये चेल्सी आणि चार्लटनची मॅच होती. धुकं इतकं वाढलं की रेफरीनं खेळ थांबवला आणि सगळे आत गेले. चार्लटनचा गोलकीपर सॅम बार्ट्रम मात्र गोलपाशी उभाच. त्याला वाटलं, आपली टीम पलीकडे तुटून पडलीय, म्हणून बॉल इकडे येत नाही. पाव तासानं धुक्यातून एक पोलीस उगवला आणि म्हणाला, बाबा रे, मॅच केव्हाच संपली.

“मग त्याच्या वाटणीचा चहा कुणी प्यायला?” आमच्या गोलकीपरनं विचारलं. जात जातीला ओळखते.

मग 1963 ची गोष्ट. त्या हिवाळ्यात इंग्लंडमधली मैदानं दगडासारखी गोठली. एफए कपची तिसरी फेरी 5 जानेवारीला सुरू झाली ती 11 मार्चला आटोपली. तिकडे मॅचच्या निकालांवर पैसे लावायचा मोठा धंदा. मॅचच होईनात तेव्हा धंद्याचं काय? मग जुन्या नामवंत खेळाडूंना एका खोलीत बसवून न झालेल्या मॅचचे निकाल ठरवून घेतले.

कोच ताडकन उठला. “असं चालतं? मग लावा मनमाडला फोन. 3-1 सांगा.”

बाकावर रावेरकडचा एक केळीवाला शेतकरी बसला होता. तो हसला. म्हणाला, “तुमची मॅच उद्या होईन. माझ्या बागंवर चरका पडी राह्यला, त्याचं काय?” थंडी सलग दहा अंशांच्या खाली राहिली की केळीची वाढ थांबते, नवं पान नीट उलगडत नाही, घड अडकतो. रात्रभर तो बांधावर काडीकचरा पेटवून धूर करत होता आणि झाडांना पाणी सोडत होता. विहिरीचं पाणी हवेपेक्षा ऊबदार, मुळांना तेवढाच आधार. डोळे लाल, धोतराला ओल. त्याच्यापुढे आपली रड गायची मला लाज वाटली. कोचला वाटली नाही. त्यानं त्याला मनमाडचा स्कोअर किती सांगावा ते विचारलं.

अखेर गाडी आली. डब्यात शिरलो तर खिडकी सताड उघडी आणि तिच्याशी एक म्हातारेबुवा नुसत्या सदऱ्यावर वारं खात बसलेले. गोरखपूरकडचे. आमचे बोचकी झालेले खेळाडू एकेक करून आत येताना त्यांनी पाहिले आणि बायकोला हळूच विचारलं, “सब बीमार हैं क्या?”

“नाही, फुटबॉल खेळतात,” मी हिंदीत सांगितलं. त्यांनी सहानुभूतीनं खिडकी लावून घेतली.

पुढचा प्रवास कपड्यांच्या हिशेबानं सांगतो. जळगावला मफलर निघाले, पाचोऱ्याला स्वेटर, चाळीसगावला खिडकी पुन्हा उघडली. खानदेशातली थंडी रात्रपाळीची. आभाळ निरभ्र म्हणून रात्री जमीन भराभर निवते, आणि त्याच निरभ्र आभाळातून दिवसा ऊन विनाअडथळा येतं. पहाटे 9 आणि दुपारी 29, दोन्ही एकाच तारखेला. मनमाडला उतरलो तेव्हा बारा वाजून गेले होते आणि अकरा खेळाडूंचे स्वेटर नि मफलर मॅनेजर या नात्यानं माझ्या अंगाखांद्यावर होते.

मनमाडची टीम सकाळी जमून, वाट पाहून, घरी जाऊन, जेवून परत आली होती. त्यांचा सेंटर फॉरवर्ड ढेकर देत होता. आमची पोरं उपाशी, कारण डबे फलाटावरच संपलेले. एकूण बळं सारखी झाली. मैदान काळ्या मातीचं. पावसाळ्यानंतर वाळून तिला भेगा पडलेल्या. सरळ मारलेला बॉल भेगेला लागला की स्वतःचं मत मांडायचा. पहिला गोल असाच झाला, कुणी केला ते ठरलं नाही. अर्ध्या तासात पोरांना ग्लानी यायला लागली, तेव्हा रेफरीनं पाणी प्यायला खेळ थांबवला. थंडीमुळे दुपारवर गेलेली मॅच उन्हामुळे थांबली!

आमचा गोलकीपर शेवटपर्यंत कानटोपीत खेळला. घामाच्या धारा डोळ्यांत उतरत होत्या, समोरचा बॉल दिसत नव्हता. मी म्हटलं, “अरे, काढ ती!”

“काका, आईला फोटो पाठवायचाय.”

2-1 नं हरलो.

परतीची मॅच दीपनगरला ठरली. मनमाडकरांची गाडी मुंबईकडून येणारी, म्हणजे कानपूरच्या धुक्याचा संबंध नाही. ते वेळेवर, सकाळी नऊला हजर! वसाहतीनं मात्र पाहुण्यांसाठी मैदानाच्या कोपऱ्यात भरिताचा बेत केला होता. बामणोदची हिरवी वांगी, हाताएवढी लांब, पऱ्हाट्यांच्या जाळावर रचलेली. सालं काळी पडून फुटायला लागली, आतला रस निखाऱ्यावर चर्र करू लागला. पलीकडे हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचला जात होता, कांद्याची पात चिरली जात होती, कढईत पुऱ्या फुगत होत्या.

वारा पडलेला, खालची हवा गारठलेली. धूर वर जाईना. तो आडवा पसरत मैदानावर आला. आधी कॉर्नरचा झेंडा गेला, मग पेनल्टी एरिया, मग त्यांचा अख्खा गोल. रेफरीनं दोन-तीनदा डोळे चोळले आणि शिट्टी वाजवली. खेळ थांबला. सगळे मधल्या वर्तुळात जमले. मोजले तर मनमाडचे दहाच. आमच्या पोरांना 1937 आठवलं. “बार्ट्रम! बार्ट्रम!” ओरडत ती धुरात धावली.

गोलपाशी कुणी नव्हतं. मनमाडचा गोलकीपर पंगतीत पहिल्याच ताटावर बसला होता. आमचा त्याच्या शेजारी, कानटोपीसकट, त्याला तेलाची धार धरायला सांगत होता.