सुरगाठ, निरगाठ

आम्हा वसईच्या कॅथलिकांचं एक बरं असतं. 15 ऑगस्टला तुम्हाला एकच सण, आम्हाला दोन. त्याच दिवशी मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण येतो. त्यामुळे सकाळी मिस्सा, मिस्सा सुटली की चर्चच्या अंगणात झेंडावंदन, मग चहा-जिलेबी आणि दुपारी घरी कोंबडीचा रस्सा. भक्ती आणि देशभक्ती एकाच इस्त्रीच्या कुर्त्यात उरकते. वर्षानुवर्षं हे सुरळीत चाललं होतं, कारण वर्षानुवर्षं मला कोणी काही काम सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी मीच तोंड उघडलं. मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, मिस्सेत पहिलं वाचन कोण करणार? मी हात वर केला. भाषण कोण करणार? हात वरच होता, खाली घ्यायचा राहिला होता. झेंडा कोण बांधणार, असं विचारलं तेव्हा मी खरं तर पंख्याचा वारा कुठून येतोय ते बघत होतो, पण फादरांनी वहीत माझं नाव लिहून टाकलं.

भाषणाची मला धास्ती नव्हती. काका बॅप्टिस्टा हा माझा हळवा विषय. आमच्या खाडीपलीकडच्या उत्तनशी नातं सांगणारा माणूस, लोकमान्यांचा जिवलग, 1916 सालच्या त्यांच्या होमरूल लीगचा अध्यक्ष, 1925 साली मुंबई महापालिकेचा प्रमुख. ख्रिस्ती माणसाला देशप्रेम शिकवायला निघालेल्यांना मी मनातल्या मनात नेहमी काकांकडे पाठवतो. मी सात मिनिटांचं भाषण लिहिलं. फादरांनी दोन मिनिटं दिली.

राहिला झेंडा. गुलाबाच्या पाकळ्या घालून झेंड्याची पुडी करायची, तिला सुरगाठ मारायची, पुडी वर चढवायची आणि दोरीला झटका द्यायचा, की झेंडा फडफडतो आणि पाकळ्या खाली येतात. एवढंच. मी आदल्या रात्री गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या कप्पीवर बायकोचा टेबलक्लॉथ बांधून सराव केला. पाच वेळा झटका दिला, पाचही वेळा टेबलक्लॉथ उलगडला, पाचव्या वेळी पाकळ्या सासूबाईंच्या चहात पडल्या. "अहो, उद्या तरी खाली कोण उभं आहे ते बघा," बायको म्हणाली. ते मी बघितलं नाही.

रात्रभर डोक्यात भाषण, झेंडा आणि वाचन यांची मिसळ होत राहिली. पहिलं वाचन प्रकटीकरणातलं: सूर्य पांघरलेली, पायाखाली चंद्र असलेली स्त्री, तिच्या मस्तकी बारा ताऱ्यांचा मुकुट. अशोकचक्राचे आरे चोवीस. बारा तारे, चोवीस आरे, असं घोकत मी झोपलो. सकाळी वाचनपीठावर सगळं छान चाललं होतं, पण चांगल्या वाचकाने अधूनमधून लोकांकडे बघावं असं कुठेतरी ऐकलं होतं, म्हणून मी नेमकं मुकुटापाशी पुस्तकातून मान वर काढली आणि खणखणीत आवाजात मरियामातेला चोवीस तारे दिले. पेटीवरच्या सिस्टरांनी चष्म्यावरून बघितलं. त्या बघतायत म्हणून मी आणखी गडबडलो, कसाबसा शेवटाला पोचलो, आणि जिथे ‘प्रभूचा शब्द’ म्हणून थांबायचं, तिथे आदल्या रात्री पन्नासदा घोकलेला शेवट तोंडातून निघाला.

"जय हिंद!"

वेदीवरच्या पोरांनी "जय हिंद!" म्हणून साथ दिली. बाकीचं देऊळ सवयीने "देवाला धन्यवाद" म्हणालं. दोन्ही एकदम.

बाहेर आलो तर रिमझिम सुरू. इथेच मी फसलो. गॅलरीतली दोरी कोरडी होती, ही सुताची दोरी पहाटेपासून भिजून फुगली होती. शिवाय घाईत मी नेमकं काय बांधलं ते मला आजही सांगता येत नाही. फौजेतून निवृत्त झालेल्या पाहुण्यांनी पुडी वर चढवली, ताठ उभे राहिले आणि झटका दिला. पुडी पुडीच राहिली. पण बाईंनी पोरांना बजावून ठेवलं होतं, झटका बसला की राष्ट्रगीत सुरू करायचं. पोरांनी सुरू केलं. झालं, सगळे सावधान. राष्ट्रगीत 52 सेकंदांचं असतं, आणि तेवढ्यात कोणालाही हलता येत नाही, पाहुण्यांना नाही, फादरांना नाही, मला तर नाहीच. दोनशे माणसं मान वर करून, कानात पावसाचं पाणी जाऊ देत, एका बांधलेल्या पुडीकडे एकटक बघत उभी होती.

गीत संपल्यावर पुडी खाली घेतली. माझ्या नखांनी हार मानली, पाहुण्यांच्या मिशीने हार मानली. मग पाचूबंदरचे एक कोळी काका गर्दीतून पुढे आले. जन्मभर जाळी विणलेली बोटं, त्यांनी गाठ नुसती चाचपली.

"ही कोणी मारली?"

मी हात वर केला. त्या हाताला खोडच आहे.

"बाबा, ही निरगाठ. हिने बोट बांधतात, झेंडा नाय." आणि चहाची पुडी सोडावी तशी त्यांनी ती सोडली, नवी सुरगाठ मारली, झेंडा वर गेला, झटका बसला आणि खरंच सांगतो, त्या करड्या आभाळात तो असा काही उलगडला की मी क्षणभर सगळं विसरलो. तेवढ्यात भिजून लगदा झालेल्या पाकळ्यांचा गोळा खाली आला आणि फादरांच्या टकलावर थप्पकन बसला. त्यांनी तो काढला नाही. दुसऱ्यांदा राष्ट्रगीत सुरू झालं होतं.

माझ्या भाषणाची वेळ आली तेव्हा जिलेबीचे ट्रे बाहेर आले होते आणि पाऊसही वाढला होता. सात मिनिटांची दोन केली होती, दोनाचं आता एक वाक्य केलं. "काका बॅप्टिस्टा फार मोठा माणूस होता. जय हिंद."

मागच्या रांगेतून कोणीतरी अगदी मनापासून म्हणालं, "देवाला धन्यवाद!"

यंदा माझ्याकडे खुर्च्या मोजायचं काम आहे. एकशेवीस आहेत. फादरांनी कोणाला तरी पुन्हा मोजायला सांगितलंय.