गिटार मायनसमध्ये

उजनी धरणाच्या पाण्याकाठच्या गावांत हल्ली इंजिनेर नावाची जमात वाढीला लागली आहे. पदवी खरीच इंजिनिअरिंगची असते, नोकरी पुण्यात होती किंवा लागणार होती, आणि सध्या तो केळीची बाग बघतो. बघतो म्हणजे बाग त्याचे अण्णा बघतात आणि हा अण्णांकडे बघतो. या जमातीतला कुणी ड्रोन उडवतो, कुणी बुलेटचा सायलेन्सर बदलत बसतो. आपला इंजिनेर त्यातल्या सर्वांत निरुपद्रवी आणि सर्वांत चिवट पोटजातीतला आहे. तो इलेक्ट्रिक गिटार खोलतो.

गिटार वाजवणारे वेगळे. ते कंदरला असोत की कोथरूडला, त्यांना गाणी येतात. इंजिनेरला गिटारचे भाग येतात. होस्टेलवरच्या एका दोस्ताकडून त्यानं ती सेकंडहँड घेतली, तेव्हा ती काळी कुळकुळीत होती आणि चांगली वाजत होती. हाच तिचा दोष. चालू वस्तूला काय करायचं, हा प्रश्न त्याला दोन दिवस छळत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं मानेचे चार स्क्रू काढले आणि त्याला बरं वाटलं.

सुटे भाग हरवू नयेत म्हणून त्यानं आईचा जुना मिसळणाचा डबा घेतला. मोहरीच्या वाटीत पिकगार्डचे स्क्रू, जिऱ्याच्या वाटीत खुंट्यांचे, हळदीच्या वाटीत पोटेन्शियोमीटरच्या नटा. आईनं डबा ओळखला, स्क्रू ओळखले नाहीत. त्या रात्रीच्या आमटीत अण्णांच्या दाताखाली जे आलं, त्याला फिलिप्स हेड म्हणतात ही माहिती अण्णांना जेवतानाच मिळाली.

पुढची पायरी रंग काढण्याची. बाहेरून एकच काळा दिसणारा रंग म्हणजे कारखान्यात चढवलेलं पॉलिएस्टरचं जाड कवच असतं. ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर झिजून गुळगुळीत होतो, पण कवच हटत नाही. शेवटी ड्रिपवाल्याची हीट गन आणली. रंगाला फोड आले, पत्र्याच्या उलथन्यानं पापुद्रे सुटू लागले. काळ्याखाली करडा प्रायमर, त्याखाली पिवळट सीलर, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ दिसावं तसं एकदाचं लाकूड दिसलं. ते एकसंध नव्हतं. वेगवेगळ्या फळ्या चिकटवून केलेला तो संसार होता. स्वस्तातल्या गिटारींचं अंग बहुधा असंच असतं, पण इंजिनेरला ती फसवणूक वाटली. त्याची नजर वर गेली.

वर तुळई होती. धरण 1980 साली पुरं झालं, त्याच्या आगेमागे काठची गावं उठली. उठताना लोकांनी माळवदं उतरवली आणि तुळया, खांब, चौकटी बैलगाड्यांत घालून नव्या गावठाणात आणल्या. इंजिनेरच्या घरातली सागवानी तुळई त्यातलीच. त्यानं तिच्याखाली उभं राहून तोंडानंच हिशोब मांडला: पावणेदोन इंच जाडीची फळी, दोन तुकडे, मधोमध जोड. आजी जात्याशेजारी बसली होती.

"त्या तुळईकडं बघू नगंस. गाव बुडालं तवा गाडीत घालून आणलीया ती. तुझ्या तुणतुण्यासाठी न्हाय."

इंजिनेरनं आजीला ब्रायन मे सांगितला. क्वीन या बँडचा गिटारवादक. 1963 साली, सोळा वर्षांचा असताना, त्यानं वडिलांच्या मदतीनं घरीच गिटार करायला घेतली. मान कापली ती जुन्या शेकोटीच्या लाकडी चौकटीतून. ट्रेमोलोला स्प्रिंगा लावल्या त्या जुन्या मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या. ट्रेमोलोच्या दांड्याला टोक लावलं आईच्या विणकामाच्या सुईचं. आजीनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्येनी घराची तुळई काढली का?" इंजिनेर म्हणाला, "नाही." प्रकरण मिटलं. जुन्याच अंगाला लांबी भरायचं ठरलं.

या टप्प्यावर अण्णांनी पहिल्यांदा चौकशी केली. "किती टक्के झालं?"

पाण्याकाठचा माणूस टक्क्यांतच विचार करतो. एकूण 117 टीएमसीच्या धरणात तळाचं सुमारे 63 टीएमसी पाणी मृतसाठा धरतात. शून्य टक्के मोजायला सुरुवात होते ती त्याच्या वर. म्हणून इथं समुद्रासारखं पाणी समोर पसरलेलं असतं आणि पेपरात उजनी मायनसमध्ये असते. 2024 च्या उन्हाळ्यात तर ती वजा पन्नासच्याही खाली उतरली होती, आणि तरी लोक पाईप वाढवून वाढवून मोटारी चालवतच होते. इंजिनेरनं अंगाकडं, मानेकडं आणि मिसळणाच्या डब्याकडं पाहिलं.

"सध्या मायनस वीस, अण्णा."

अण्णांना ते लगेच कळलं. म्हणजे माल आहे, पण वापरात धरायचा नाही.

रंगासाठी ट्रॉल्या रंगवणारा पेंटर गाठला. इंजिनेरला हवा होता 'लेक प्लॅसिड ब्ल्यू'. मोबाइलवर फोटो बघून पेंटर म्हणाला, "हा ट्रॅक्टरचा निळा. थोडी चांदी टाकली की झालं." इंजिनेरला राग आला, पण पेंटर अजाणता इतिहास बोलला होता. फेंडर कंपनीनं गिटारीचे खास रंग मोटारींच्या रंगांतूनच उचलले. लेक प्लॅसिड ब्ल्यू कॅडिलॅकचा, फिएस्टा रेड फोर्डच्या थंडरबर्डचा. कंपनीचा मालक लिओ फेंडर मूळचा हिशेबनीस, नंतर रेडिओ दुरुस्त करायचा, आणि त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. ही शेवटची माहिती इंजिनेर कुणालाही सांगतो. 'काहीतरी वाजवून दाखव' असं कुणी म्हटलं की हमखास सांगतो.

आधी लांबी, मग प्रायमर, मग 320 चा वॉटर पेपर. पेंटरनं अंगाला तारेचं कडं अडकवून ते लिंबाच्या फांदीला टांगलं आणि कॉम्प्रेसर सुरू केला. पहिला हात सुरेख बसला. संध्याकाळी दिवे लागले आणि बॅकवॉटरची चिलटं आली. ओला निळा रंग त्यांना पाणी वाटला असावा. सकाळी गिटारवर इतकी चिलटं होती की पेंटर म्हणाला, "मेटॅलिकला दाणा असाच पायजे." ती घासून दुसरा हात मारला, तर तेव्हा गाळप हंगाम सुरू झाला होता. साखर कारखान्याच्या धुराड्याची काजळी वाऱ्यावर आली आणि निळ्यावर काळी नक्षी उठवून गेली. तिसरा हात आईच्या मच्छरदाणीत मारला. तो बसला. मच्छरदाणीही निळी झाली.

"खाली काय टाकू?" पेंटरनं ब्रश हातात घेऊन विचारलं. "आई-बाबांचा आशीर्वाद टाकू, का नुसतं नाद खुळा?"

काही टाकायचं नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. नाव न टाकता माल गेला, असं त्याच्या धंद्यात होत नाही. इंजिनेरची पाठ वळल्यावर त्यानं मागच्या बाजूला, स्प्रिंगांचं झाकण येतं तिथं, बारीक अक्षरांत स्वतःचा मोबाइल नंबर टाकला.

आता पिकअप. लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याची केसासारखी तार, हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेटोळ्यात वीज उठते. ती इतकी थोडी असते की अँप्लिफायरनं वाढवल्याशिवाय तिचा आवाज होत नाही. तार गुंडाळायला आमच्याकडे माणसांची वाण नाही. पाण्यावर इतक्या मोटारी बसलेल्या आहेत आणि त्या इतक्या नेमानं जळतात की काठावरच्या चौकाचौकांत रिवायंडिंगचं दुकान आहे. मिस्त्रीनं पिकअप हातात घेऊन उलटसुलट केला.

"किती एचपी?"

"एचपी नसते, मामा. गिटारचा आहे."

"बरं. सिंगल फेज का थ्री फेज?"

पण मिस्त्री कारागीर होता. साडेसात एचपीच्या तारेची सवय असलेल्या बोटांनी त्यानं 42 गेजची तार धरली. तीनदा तुटली. चौथ्यांदा त्यानं दुकानातला पंखा बंद केला, श्वास धरला आणि आकडा मोजायचं यंत्र हातानं फिरवत आठ हजार वेढे घातले. मग सवयीनं तो व्हार्निशच्या डब्याकडं वळला. इंजिनेर ओरडला. पिकअप मेणात बुडवतात! एडी व्हॅन हेलन हा अमेरिकन गिटारवाला आपले पिकअप घरी मेणात बुडवायचा. स्वतःच्या गिटारला त्यानं सायकलचा रंग मारला होता. मिस्त्री शांतपणे म्हणाला, "कारण एकच. वेढा हलला नाय पायजे. मोटारीत हलला तर जळतो, तुझ्यात हलला तर काय होतं?" "शिट्टी मारतो." "मग बुडव मेणात." देवळाच्या कट्ट्यावरच्या मेणबत्त्या आईच्या दुधाच्या पातेल्यात वितळल्या. ते पातेलं आता इंजिनेरचंच आहे.

अखेर तारा चढल्या, वायर जोडली आणि अँप्लिफायर लावला. रात्रपाळीची लाईट आलेली होती, काठावरच्या मोटारी सुरू होत्या. घरभर भारदस्त घुमारा उठला. अण्णा अंथरुणातून उठून आले, दारात उभे राहून ऐकू लागले. "बरी वाजाय लागली की. थांबू नगं." इंजिनेरनं अजून तारेला हात लावला नव्हता. तो पन्नास हर्ट्झच्या विजेचा गुणगुणाट होता, आणि एकेरी वेटोळ्याचा पिकअप तो हवेतूनच पकडतो. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं झाकण उघडून मिनिटभर पाहिलं. ब्रिजखालची वायर सुटलेली. "अर्थिंगच न्हाय की. मोटारीला खड्डा घेऊन मीठ-कोळसा घालतो, तुझ्याला एक टाका मारायचा." टाका मारला. तारेवर बोट ठेवलं की गुणगुण निम्मी व्हायला लागली. गिटार पहिल्यांदा शून्य टक्क्यांवर आली.

नेमका त्याच आठवड्यात बेंजो मास्तर आला. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारख्या कळा दाबून वाजवायचं तारवाद्य. मूळ जपानी. 1912 साली नागोयात ते तैशोगोतो म्हणून जन्मलं, हिंदुस्थानात बुलबुलतरंग झालं आणि आमच्या वरातींनी त्याला पिकअप व भोंगे लावून बेंजो केलं. म्हणजे घरी फेरफार केलेलं इलेक्ट्रिक तारवाद्य आमच्याकडे दरेक लग्नात नाचवलं जातंच. इंजिनेरनं मात्र आजवर त्याला हुंगलं नव्हतं. मास्तरच्या बेंजोवर लाल रेडियम, फिल्मी हिरोचे स्टिकर आणि कोपऱ्यात तुटक्या कंगव्याची पाचर. टोन, फिनिश, ग्रेन यांतलं एकही नाही. पण त्या दिवशी मास्तरचा पिकअप मेला होता आणि रात्री वरात होती.

"इंजिनेर, तुझा दे. उद्या आणून देतो."

इंजिनेरनं तोंड उघडण्याआधी मास्तरनं गिटारचे स्क्रू काढले होते. बेंजोत पिकअप बसवायला त्याला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. इन्सुलेशन टेप, एक खिळा, बास. गिटार मायनसमध्ये गेली.

वरातीत तो आवाज पाण्यापलीकडं इंदापूरच्या हद्दीपर्यंत गेला असावा. पोरं नाचत होती, नवरदेवाचे मामा नाचत होते, पेंटर आणि मिस्त्री एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून नाचत होते. इंजिनेर एकटा भोंग्यासमोर डोळे मिटून उभा होता. मध्येच कुणी ओढायला आलं तर म्हणायचा, "थांब, मिडरेंज ऐक."

त्या रात्री एक गोष्ट गावाला दिसली. मास्तरचं काम एका संध्याकाळी होतं, कारण त्याला सुपारी असते. सुपारीला तारीख असते, तारखेला मांडव असतो, आणि मांडवाला टोनमधलं कळत नाही. इंजिनेरला सुपारी देणारा कुणी नाही, म्हणून त्याचं काम संपायचं कारणच नाही. आळशी म्हणावं तर इतकं राबणारा माणूस पंचक्रोशीत नाही. त्याला काम संपवण्यात रस नाही, एवढंच.

मास्तरला पिकअप फारच आवडला. त्यानं तो परत केला नाही, उलट मिस्त्रीकडं आणखी एकाची ऑर्डर दिली. मात्र उपकार ठेवणारा तो माणूस नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओट्यावर आला आणि अण्णांसमोर इंजिनेरच्या हातावर एकशे एक रुपये ठेवले.

"गणपतीच्या मिरवणुकीत एक गाणं तुझ्या गिटारीवर. हा इसार. आता मागं सरायचं नाय."

अण्णांचे डोळे भरून आले. आजीनं तुळईकडं बघत हात जोडले. इंजिनेर इसार कपाळाला लावून उठला, गाडीला किक मारली, आणि त्याच पैशातून टेंभुर्णीहून पंधराशे नंबरचा पॉलिश पेपर घेऊन आला. निळा जरा जास्तच चकाकतो, असं त्याचं म्हणणं आहे.