पेटंटअण्णा

शिरूरच्या एसटी स्टँडवर कुणी व्हिडिओ कॉलवर बोलायला लागलं, की पेटंटअण्णा शेजारी जाऊन उभे राहतात. "बोला, बोला. कल्पना आपलीच आहे."

अण्णांची सासुरवाडी दौंडची. भर उन्हात न्हावरे-चौफुला रस्त्यानं तिकडं जायचं आणि मेहुण्यांच्या गुऱ्हाळाचं गुऱ्हाळ ऐकायचं, या जाचातून शोध जन्मला: माणसानं घरीच बसायचं आणि सासुरवाडीला दिसायचं. वहीचं ते पान खिशातच असतं. डावीकडं गोल, त्यात 'शिरूर'. उजवीकडं गोल, 'दौंड'. मधे नागमोडी रेघ आणि वर ठळक अक्षरांत, 'येथे विद्युत् करणी होईल.'

२०२० च्या टाळेबंदीत सगळा देश घरबसल्या बैठका घेऊ लागला आणि अण्णांना आपलं घर लुटलं गेल्यासारखं झालं. जरा मोकळीक मिळताच त्यांनी पुण्यातला पेटंट एजंट गाठला. गृहस्थ सोशिक. १९७० च्या पेटंट कायद्याचं दहावं कलम त्यांनी उलगडून सांगितलं. शोध काय, एवढ्यानं भागत नाही. त्या विषयातल्या बेताच्या जाणकारालाही वाचून तो करता आला पाहिजे, इतकी कृती लिहावी लागते.

"ते इंजिनियर बघतील."

एजंटनी तारायंत्रवाला मोर्स काढला. विजेच्या चुंबकशक्तीनं दूरवर अक्षरं उमटवण्याची कुठलीही तऱ्हा आपलीच, हा त्याचा आठवा दावा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं १८५४ मध्ये फेटाळला होता. (२०२३ मध्ये अँटिबॉडीच्या खटल्यात त्याच कोर्टानं हा निकाल पुन्हा पुढं केला, म्हणजे अण्णांचे भाऊबंद औषध कंपन्यांतही आहेत.)

"म्हणजे मी मोर्सच्या पंगतीला!"

"शिवाय बोलणाऱ्याचं चित्र दाखवणारा फोन १९६४ मध्येच न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मांडला होता."

"असेल. सासुरवाडीसाठी नव्हता."

घरी वहिनींनी प्रकरण उभ्या उभ्या निकालात काढलं. "म्हणजे 'आमटी झणझणीत व्हावी' एवढंच लिहायचं, आणि जिच्या चुलीवर आमटी उकळेल तिच्याकडं पैसे मागायचे!"

तरी अर्ज गेलाच असता. सहीला पेन टेकलं होतं. तेवढ्यात एजंट बोलून गेले, की अठरा महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो, कुणीही वाचू शकतं; वीस वर्षांची मक्तेदारी सरकार देतं ती या उघडेपणाच्या बदल्यात. अण्णांनी पान झपकन ओढलं.

"छापणार? मग गुपित काय राहिलं?"

एजंटनी हताशपणे सल्ल्याची फी सांगितली.

"फी द्यायची कल्पना पक्की आहे," अण्णा उठत म्हणाले. "कशी द्यायची, ते बघू."